पहिली नोकरी शोधताना: खानदेशातल्या नव्या पदवीधरांसाठी

निकाल लागला की गावात पहिला प्रश्न येतो, "मंग, काय करी राहिना?" आपण म्हणतो, "बघतोय कुठंतरी." समोरचा आपुलकीनं पुढे विचारतो, कसली नोकरी पाहिजे? त्यावर उत्तर ठरलेलं असतं: "काहीही चालेल." ऐकायला हे नम्र वाटतं, पण पहिल्या नोकरीचं सगळ्यात जास्त नुकसान याच दोन शब्दांनी होतं. चिंचवडला राहणारा मावसभाऊ किंवा सातपूरला लागलेला गावचा माणूस "काहीही" कोणाकडे मागणार? त्याच्या कंपनीत जागा निघते ती क्यूसी (गुणवत्ता तपासणी) ट्रेनीची, अकाउंट असिस्टंटची, स्टोअर कीपरची. आपण नाव घेतलं तर त्याला विचारता येतं, नाहीतर तो "बघतो" म्हणतो आणि विसरतो.

म्हणून शोधाची सुरुवात कामाचं नाव ठरवण्यापासून करा.

कामाचं नाव आणि गाव

मोबाइलवर नोकरी डॉट कॉम किंवा लिंक्डइन उघडा. आपली पदवी, "फ्रेशर" हा शब्द आणि एका शहराचं नाव टाका. आलेल्या जाहिरातींपैकी २० नीट वाचा, अर्ज आत्ताच करू नका. वही घ्या आणि प्रत्येक जाहिरातीतलं पदाचं नाव आणि मागितलेली कौशल्यं लिहा. २० पैकी १०-१२ जाहिरातींत जो शब्द पुन्हा पुन्हा येतो, तो तुमचा या महिन्याचा अभ्यास. दोन पदं आणि दोन गावं ठरवा, त्यातलं एक गाव घराजवळचं ठेवा.

बीएस्सी केमिस्ट्रीवाल्यांसाठी गुणवत्ता तपासणी म्हणजे क्यूसी आणि उत्पादन विभाग ही दोन दारं आहेत. ती अंकलेश्वर, वापी, तारापूर-बोईसर आणि वाळूजला जास्त उघडतात. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूरच्या मुलांनी पुण्याआधी गुजरातचा विचार करावा. ताप्ती लाइनची गाडी थेट सुरतेला उतरवते, आणि सुट्टीच्या दिवशी घरी येणं जमतं.

बीकॉमवाल्यांना तर जळगाव सोडायचीही गरज नाही. डाळ मिल, चटई आणि पाइपाचे कारखाने, सराफ बाजार, केळीचे व्यापारी, करसल्लागारांची ऑफिसं, सगळ्यांना टॅली आणि जीएसटी येणारा माणूस लागतो. पगार पुण्यापेक्षा कमी असेल, पण खोलीभाडं नाही, आणि वर्षभरात सगळा हिशेब हाताखालून जातो. मोठ्या कंपनीत पहिलं वर्षभर नुसती बिलंच एंट्री करत बसण्यापेक्षा हे शिक्षण कधी कधी जास्त मोलाचं ठरतं.

कृषी पदवीधरांसाठी ठिबक, बियाणं आणि खतांच्या कंपन्यांतलं फील्डवरचं काम आहे. इथे अहिराणी येणं हा मोठा गुण आहे, तो रेझ्युमेत भाषांच्या ओळीत लिहा. शिरपूर-साक्री पट्ट्यात शेतकऱ्याशी त्याच्या बोलीत बोलणारा माणूस कंपनीला हवाच असतो. या कामाला दुचाकीचा कायमचा परवाना लागतो. शिकाऊ परवाना काढल्यावर ३० दिवसांनीच कायमच्यासाठी चाचणी देता येते, म्हणून तो आजच काढा.

बीए झालेल्यांना "तुमच्यासाठी काही नाही" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मायक्रोफायनान्स, बँकांची फील्डवरची कामं, रुग्णालयांची नोंदणी खिडकी, बॅक ऑफिस या जागांवर शाखा पाहत नाहीत, बोलणं आणि संगणक पाहतात. मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट टायपिंगचं प्रमाणपत्र असेल तर सरकारी लिपिकाच्या जाहिरातींसाठीही उपयोगी पडतं.

भुसावळच्या रेल्वे अप्रेंटिसच्या जाहिराती मात्र बहुतेक आयटीआयसाठी असतात. अर्ज भरण्याआधी पात्रतेची ओळ वाचा. स्पर्धा परीक्षा करणार असाल तर जरूर करा, पण किती दिवस ते आज घरच्यांसमोर बोलून ठरवा आणि तारीख कॅलेंडरवर लिहा. तारीख नसली की दोनाची चार वर्षं होतात, आणि मग मुलाखतीत "मधल्या काळात काय केलं?" या प्रश्नाला उत्तर जड जातं.

कागद आधी, अर्ज नंतर

निवड होऊनही रुजू होणं कागदांवर अडतं, आणि अडतं ते बहुधा नावामुळे. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर शेवटी, पॅनवर वडिलांचं नाव कधी पूर्ण तर कधी नुसतं अक्षर. क्रम वेगळा असला तर सहसा चालतं. स्पेलिंग किंवा जन्मतारीख वेगळी असली तर पीएफचं, म्हणजे भविष्य निर्वाह निधीचं, खातं अडकतं. दहावीची गुणपत्रिका, आधार, पॅन आणि बँक पासबुक एका ओळीत मांडून एकेक अक्षर ताडून पाहा. दुरुस्ती दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे करा, कारण बदलायला सगळ्यात अवघड कागद तोच. आधारला चालू मोबाइल जोडलेला आहे ना, तेही पाहा. जुनं सिम बंद पडलेलं असेल तर ओटीपी येत नाही आणि पुढचं सगळं थांबतं.

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचं पदवी प्रमाणपत्र दीक्षान्त समारंभानंतर हातात येतं. तोपर्यंत शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका आणि तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र चालतं, ते वेळेत मागून घ्या. निकालच लागला नसेल तर रेझ्युमेत "निकाल प्रतीक्षेत" असं स्पष्ट लिहा. परीक्षा संपल्यापासून निकाल लागेपर्यंतचे आठवडे फुकट घालवू नका, बऱ्याच कंपन्या अशा मुलांना बोलावतात. एखादा विषय राहिला असेल तर लपवू नका. पडताळणीत तो निघतोच, आणि विषय राहिल्यापेक्षा लपवल्याचा डाग मोठा असतो.

सगळे कागद स्कॅन करून प्रत्येकाची वेगळी पीडीएफ करा. अंथरुणावर ठेवून काढलेले, कोपऱ्यात बोट आलेले फोटो पाठवू नका.

एका पानाचा रेझ्युमे

झेरॉक्सच्या दुकानात मिळणारा तयार बायोडाटा लग्नाच्या कागदासारखा असतो: वडिलांचं नाव, धर्म, उंची, छंद "वाचन व क्रिकेट", खाली "वरील माहिती खरी आहे". यातलं काहीच कंपनीला नको असतं. वर नाव, मोबाइल, ईमेल, गाव. मग दोन ओळींत कोणत्या पदासाठी अर्ज आणि काय येतं. मग शिक्षण, कौशल्यं, प्रोजेक्ट किंवा केलेलं काम, भाषा. संपलं.

खरा फरक पडतो तो कौशल्याच्या ओळीत. "प्रयोगशाळेचं ज्ञान आहे" ही ओळ वाचणाऱ्याला काही सांगत नाही. त्याऐवजी लिहा: "आम्ल-अल्कली टायट्रेशन, पीएच मीटरचं कॅलिब्रेशन, यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरवर शोषणांक मोजणं, एचपीएलसी पाहिलं आहे, स्वतः चालवलेलं नाही." शेवटचा तुकडा गाळू नका. मुलाखतीत पहिला प्रश्न त्याच यंत्रावर येतो आणि खोटं दोन मिनिटांत उघडं पडतं. बीकॉमसाठी नुसतं "टॅली" नको. "टॅली प्राइममध्ये खरेदी-विक्री नोंदी, बँक रिकन्सिलिएशन, जीएसटीआर-१ साठी माहिती तयार करणं" असं लिहा. सुट्टीत वडिलांच्या दुकानाचा हिशेब सांभाळला असेल, केळीच्या गाडीचं वजन-भाव लिहिलं असेल, तर तेही काम आहे. महिने आणि आकडे घालून लिहा.

फाइलचं नाव साधी गोष्ट वाटते. खानदेशात पाटील, महाजन, चौधरी, कोळी किती, हे सांगायला नको. "पाटील रेझ्युमे नवीन फायनल २" नावाच्या फाइली एका इनबॉक्समध्ये ढिगानं पडलेल्या असतात. पूर्ण नाव, पद आणि शहर असं फाइलचं नाव ठेवा. ईमेल पत्ताही नावाचाच असावा. "किंग", "रॉयल", "भाऊ" असले शब्द पत्त्यात असतील तर नवा काढा.

शोध कुठे आणि किती

चार ठिकाणी एकाच वेळी हात घाला.

सगळ्यात लवकर फळ देतात ते दोन-तीन वर्षं पुढे गेलेले आपल्याच कॉलेजचे विद्यार्थी. त्यांना नुसतं "दादा जॉब आहे का" असं पाठवू नका. असं लिहा: "दादा, नमस्कार. मी आपल्याच कॉलेजचा, चोपड्याचा. यंदा बीएस्सी केमिस्ट्री झालो. तुमच्या कंपनीत क्यूसी ट्रेनीच्या जागा साधारण कोणत्या महिन्यात निघतात? सोबत रेझ्युमे जोडलाय. जागा नसेल तरी मी काय शिकून ठेवू, एवढं सांगितलं तरी खूप मदत होईल." शेवटच्या वाक्यामुळे जागा नसतानाही उत्तर येतं, आणि जागा निघाली की तुमचं नाव त्याला आठवतं. आठवडाभरानं एकदा आठवण करा. रोज "हाय दादा" नको.

दुसरं, सरकारी दारं. राज्याच्या महास्वयम पोर्टलवर आणि केंद्राच्या नॅशनल करिअर सर्व्हिसवर मोफत नोंदणी होते. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे, जुने लोक त्याला एम्प्लॉयमेंट ऑफिस म्हणतात. त्यांच्या रोजगार मेळाव्याला जाताना रेझ्युमेच्या १० प्रती न्या आणि सकाळी उघडतानाच पोचा. दुपारनंतर मुलाखत घेणारा थकलेला असतो आणि नुसते रेझ्युमे गोळा करतो. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा पदवीधराला दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं होतं. सध्याची मुदत आणि जागा केंद्रात विचारून घ्या. हे प्रशिक्षण आहे, कायम नोकरी नव्हे, हे घरच्यांनाही आधी सांगा.

तिसरं, पदवीधर अप्रेंटिसशिप, म्हणजे कंपनीत विद्यावेतनावर काम शिकणं. एनएटीएस (राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रशिक्षण योजना) पोर्टलवर नोंदणी करायची, तिथल्या कंपन्यांना अर्ज करायचा. २०१९ च्या नियमांत पदवीधराचं विद्यावेतन दरमहा किमान ९,००० रुपये ठेवलं होतं. आजचा आकडा तुमच्या करारपत्रावर पाहा. नोकरीचा एक वर्ष किंवा जास्त अनुभव झाला की या योजनेत घेत नाहीत, त्यामुळे "आधी कुठंतरी वर्ष काढू, मग अप्रेंटिसशिप" हा क्रम उलटा पडतो. अप्रेंटिसला पीएफ लागू नसतो, आणि वर्ष संपल्यावर कायम करण्याचं बंधन कंपनीवर नसतं. तरी इंजिनिअरिंग आणि केमिस्ट्रीवाल्यांनी हे दार ठोठवावंच, यंत्रावर हात बसवायला याच्यासारखी दुसरी जागा नाही.

चौथं, एमआयडीसीत पायी फिरणं. जळगाव, अवधान, नरडाणा, नवापूर इथले बरेच कारखाने जाहिरात देत नाहीत. सकाळी १० ते १२ या वेळात जा, गेटवर वॉचमन काकांना नमस्कार करून विचारा, "एचआरला किंवा ऑफिसमध्ये रेझ्युमे द्यायचाय, कोणाच्या नावानं देऊ?" नाव मिळालं तर वहीत लिहा. शिफ्ट बदलण्याच्या वेळी जाऊ नका, गर्दीत कोणी ऐकत नाही.

ऑनलाइन अर्ज रोज ५ पुरेत, पण प्रत्येक जाहिरात वाचून आणि रेझ्युमेतल्या वरच्या दोन ओळी तिच्याप्रमाणे बदलून. रात्री बसून एका दमात १०० ठिकाणी बटण दाबलं, तर फोन येतो तेव्हा कंपनीचं नावही आठवत नाही.

वहीत तारीख, कंपनी, पद, कोणामार्फत, उत्तर आणि पुढची तारीख असे सहा रकाने आखा. दुखणं कुठे आहे ते हीच वही दाखवते. ४० अर्जांनंतर एकही फोन नाही, तर दोष रेझ्युमेत किंवा पदाच्या निवडीत. फोन येतात पण मुलाखतीला बोलावत नाहीत, तर फोनवरचं बोलणं सुधारा. मुलाखती होतात आणि निवड होत नाही, तर विषयाची तयारी कच्ची आहे. हे न पाहता "आपल्याकडे वशिला नाही" म्हणून बसणं सोपं असतं, आणि त्यात चांगली मुलं वाया जातात.

फोन आणि मुलाखत

फोन नेमका एसटीत किंवा शेतात असताना येतो. गोंगाटात ओरडून बोलू नका. म्हणा, "मॅडम, मी बसमध्ये आहे, आवाज नीट येत नाही. १५ मिनिटांनी मी फोन करू का?" आणि बरोबर १५ मिनिटांनी करा. गावात रेंज नसेल तर रेझ्युमेवर दुसरा नंबर द्या आणि तो उचलणाऱ्याला आधी सांगून ठेवा. नाहीतर आजोबा "तो घरी नाही" म्हणून फोन ठेवतात आणि निरोप राहून जातो. शोधाच्या काळात अनोळखी नंबर कापू नका, कॉलर ट्यूनही साधी ठेवा.

मुलाखतीत स्वतःची ओळख ६० ते ९० सेकंदांत: नाव, गाव, शिक्षण, एक केलेलं काम, हे पद का. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका, १० वेळा. इंग्रजीची भीती खूप मुलांना असते. सोपी, छोटी वाक्यं बोला, अडलं तर "हिंदीत सांगू का?" असं विचारा, कारखान्यांत बहुतेक वेळा परवानगी मिळते. पाठ केलेलं मोठं इंग्रजी पहिल्याच उलट प्रश्नाला कोसळतं.

विषयाचे प्रश्न साधेच असतात, आणि मुलं तिथेच अडकतात. बीकॉमला विचारतात: जळगावच्या चटई कारखान्यानं बऱ्हाणपूरला माल विकला तर कोणता कर, आणि मलकापूरला विकला तर? बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात, म्हणून आयजीएसटी. मलकापूर महाराष्ट्रातच, म्हणून सीजीएसटी आणि एसजीएसटी निम्मा-निम्मा. पुढचा प्रश्न तारखांचा: दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ पुढच्या महिन्याच्या ११ तारखेला, जीएसटीआर-३बी २० तारखेला. केमिस्ट्रीत विचारतात, पीएच मीटर कोणत्या बफरवर कॅलिब्रेट करता? ४, ७ आणि ९.२. ब्युरेटमध्ये रंगहीन द्रावणाची पातळी कुठे वाचता? वक्राच्या खालच्या कडेला, डोळा त्याच उंचीवर ठेवून. मेकॅनिकलला व्हर्निअर आणि मायक्रोमीटरचं लघुत्तम माप विचारतात, म्हणजे साधारणपणे ०.०२ आणि ०.०१ मिलिमीटर.

प्रवासाचा हिशेब सैल ठेवा. सातपूर-अंबडला मुलाखत असेल तर नाशिकरोडला उतरल्यावर पुढे आणखी तासभर धरा. पुण्याला सकाळी १० ची मुलाखत असेल तर आदल्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सवर विसंबू नका, एक दिवस आधी ओळखीच्याकडे मुक्काम करा. रात्रभर बसून आलेल्या चेहऱ्यानं नीट उत्तरं सुचत नाहीत.

पगाराचा आकडा उलगडून पाहा

"२ लाख ४० हजारांचं पॅकेज" म्हणजे हातात महिना २० हजार नव्हेत. समजा त्यात मूळ वेतन १०,००० आहे. २० हजारांतून कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,२००, ग्रॅच्युइटीची (नोकरी सोडताना मिळायच्या रकमेची) तरतूद सुमारे ४८० आणि ईएसआयसीचे (कामगार विम्याचे) ३.२५ टक्के म्हणजे सुमारे ५८० आधीच बाजूला निघतात. उरतात सुमारे १७,७४०. त्यातून तुमचा पीएफ १,२००, ईएसआयसी ०.७५ टक्के म्हणजे १३४, आणि व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००). हातात येतात साधारण १६,२००. मुलींना महाराष्ट्रात २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही, म्हणून त्यांना २०० जास्त. यातून खोली, मेस, प्रवास वजा करून काय उरतं ते कागदावर मांडा, मगच जळगावच्या १२ हजारांशी तुलना करा.

ऑफर हातात आल्यावर विचारायचे प्रश्न: मी कंपनीच्या रोलवर की ठेकेदाराकडून? पगाराची स्लिप कोण देणार? शिफ्ट कोणत्या, रात्रपाळीला गाडी आहे का? फील्डचं काम असेल तर पेट्रोल किलोमीटरमागे किती? बाँड आहे का, आणि सोडल्यास किती रक्कम? हे विचारल्यानं चांगली कंपनी रागावत नाही. मुलीला बाहेरगावी पाठवायला घरचे कचरत असतील तर रुजू होण्याआधी आई किंवा वडिलांना सोबत नेऊन राहण्याची जागा आणि कंपनीचा रस्ता दाखवा. समजावण्यापेक्षा हे लवकर पटतं.

पैसे मागितले की थांबा

नोंदणी फी, युनिफॉर्मचे पैसे, लॅपटॉपचं डिपॉझिट, "मेडिकलचे २,५०० आधी टाका, पगारात परत मिळतील" अशा कोणत्याही नावानं पैसे मागितले तर ती नोकरी नाही. मोठ्या कंपनीचं नाव आणि पत्र मात्र जीमेलवरून, मुलाखत न घेता निवड, आजच्या आज पैसे भरा अशी घाई, या फसवणुकीच्या खुणा. टेलिग्रामवर "लाइक करा, पैसे मिळवा" याच्या नादी लागू नका. आपलं बँक खातं किंवा एटीएम कार्ड "कमिशन"वर कोणाला वापरायला देऊ नका, त्यात फसवणुकीचा पैसा फिरला तर पोलीस खातेदाराच्याच दारात येतात. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवण्याची शक्यता जास्त.

मूळ गुणपत्रिका कोणाकडेही जमा ठेवू नका. दाखवायच्या, झेरॉक्स द्यायची, परत घ्यायची.

रुजू होण्याच्या वेळी

पगार बहुतेक ठिकाणी पुढच्या महिन्याच्या ७ ते १० तारखेला होतो, आणि महिन्याच्या शेवटी रुजू झालात तर पहिले काही दिवस त्याच्याही पुढच्या पगारात धरले जाऊ शकतात. म्हणून घर सोडताना खोलीचं डिपॉझिट धरून दोन महिन्यांच्या खर्चाची सोय हवी. घरच्यांना हा आकडा निकालाच्या दिवशीच सांगा. कापूस-केळीच्या पैशावर घर चालतं तिथे ऐनवेळी रक्कम उभी करणं अवघड जातं.

यूएएन हा पीएफचा १२ अंकी नंबर आयुष्यभर एकच असतो. तो उमंग अ‍ॅपवर आधारच्या चेहरा पडताळणीनं काढता येतो. पुढच्या कंपनीतही हाच द्या, नवा काढू नका. कापलेला पीएफ कंपनीनं पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. म्हणून पहिली पगार-स्लिप पीडीएफ करून जपा, आणि १५ तारीख उलटून काही दिवस गेले की पीएफचं पासबुक उघडून तुमचे आणि कंपनीचे, दोन्ही आकडे तिथे आले आहेत का ते पाहा. आले नसतील तर अकाउंट विभागाला तोंडी न विचारता ईमेल करून विचारा.